रबर कापलेली पेन्सिल

आबा नवी पेन्सिल आणली की आधी तिचं रबर उडवायचे. मागच्या टोकाचं ते गुलाबी बोंड, पत्र्याच्या टोपीसकट, कटरनं कचकन. उडालेली रबरं एका लोणच्याच्या बरणीत जमा व्हायची. नवा कुणी आला की विचारायचाच, आबा, ह्या कसल्या गोळ्या? "चूक लपवायच्या," आबा म्हणायचे, "इथं कुणाला मिळत नाहीत."

नियम साधा होता. वहीत चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं लिहायचं. गिरगटायचं नाही, पान फाडायचं तर नावच नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी आबा गेले. सुरतेच्या डिंडोलीतली त्यांची खोली रिकामी करताना ती बरणी कुणालाच नको होती, म्हणून मी उचलली. वही मला मागावी लागली नाही, ती त्यांनी आधीच माझ्या हवाली केली होती. त्या वहीत माझ्या अक्षरातलं एक खोटं माप आहे. आबांबद्दल सांगायला बसलं की शेवटी मला तिथंच यावं लागणार. म्हणून आधी बाकीचं सांगून घेते.

आबा काही शिक्षक नव्हते. अमळनेरकडचा माणूस, अठराव्या वर्षी सुरतेला आला आणि पंचवीस वर्षं उधन्यातल्या लूमच्या शेडमध्ये उभा राहिला. ज्यानं चालू शेड ऐकली नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. तिथं माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. पुढं इलेक्ट्रॉनिक बोर्डवाल्या मशीन आल्या. बोर्ड बिघडला की बाहेरून इंजिनिअर यायचा, पॅनेल उघडायचा, कुठंतरी मीटर टेकवायचा आणि बंद करायचा. आबा त्याच्या मागं टॉर्च धरून उभे. पाच-सहा वर्षांत इंजिनिअरला बोलावणं बंद झालं आणि आबांना बोलावणं सुरू झालं. मग त्यांनी शेड सोडली आणि राहत्या खोलीच्या पुढच्या भागात टेबल टाकलं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आठवडाभर ते बोर्ड दुरुस्त करायचे आणि रविवारी सकाळी आमच्यासारख्या चार-पाच जणांना शिकवायचे. आम्ही सगळे कुठं ना कुठं कामाला होतो, सगळ्यांकडं कागद होता आणि हातात काही नव्हतं.

मला वडिलांनी नेलं. वडील आणि आबा एकाच चाळीत राहिलेले, त्यामुळं सगळं बोलणं अहिराणीत.

"आबा, मन्ही पोर शे. डिप्लोमा करेल शे, पन हातले काहीच येत नही," वडील म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फर्स्ट क्लास होता माझा! सुरतेजवळ सचिन गावात एलईडीच्या कारखान्यात मी चेकिंगला होते. म्हणजे बोर्ड साच्यात ठेवायचा, हिरवा दिवा लागला तर इकडं टाकायचा, लाल लागला तर तिकडं. ते काम आमच्या आजीनंही केलं असतं.

आबांनी माझ्यापुढं घड्याळाचा एक सेल ठेवला. "व्होल्टेज किती?"

"दीड."

"मोजलंस?"

"वर छापलंय की."

"छापलेलं मलाही वाचता येतं, पोरी." त्यांनी मीटर माझ्याकडं सरकवलं. आकडा आला एक पूर्णांक एकवीस. सेल मेलेला होता. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एक कोरी वही काढली, पानावर उभे तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: अंदाज, माप, फरक का पडला. त्या तीन रकान्यांत त्या माणसाचा सगळा धर्म होता. मीटर लावण्याआधी अंदाज लिहायचाच. अंदाज न लिहिता माप घेतलं तर आबा ते माप धरायचे नाहीत, परत घ्यायला लावायचे. त्यांच्या मते अंदाज न करता मोजणारा माणूस शिकत नाही, नुसता आकडे गोळा करतो.

दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी व्हायची ती म्हणजे जाळणं. प्रत्येक नव्या माणसानं आपल्या हातानं एक रेझिस्टन्स जाळायचा. तो बारीक, पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा झेपेल त्याच्या दसपट करंटला जोडायचा आणि बघत बसायचं. आधी तो तपकिरी होतो, मग धूर, मग तो वास. "नाक जवळ ने," आबा म्हणायचे. "हा वास ओळखून ठेव. पुढं कधी तुझ्या हातून न ठरवता येईल, तेव्हा घाबरायचं नाही. ओळखीचा आहे." त्यांनी स्वतः आयुष्यातलं पहिलं मीटर चुकीच्या खुणेवर ठेवून घरच्या लाइनीत घातलं होतं. ते जळकं मीटर भिंतीला टांगलेलं असायचं आणि दसऱ्याला सगळ्या हत्यारांत पहिली झेंडूची माळ त्याला मिळायची.

अंदाजाची ही खोड त्यांची टेबलापुरती नव्हती. भाजीवालीनं फ्लॉवर तागडीत टाकायच्या आत ते वजन सांगायचे. पाहुणा दारात आला की किती वेळ बसेल ते मनात ठरवायचे आणि तो गेल्यावर घड्याळ बघायचे. एका एम्ब्रॉयडरीवाल्या शेठलाही त्यांनी ही सवय लावली. शेठ बोर्ड घेऊन आला तो घोड्यावरच बसून. "काका, पार्ट बदली नाखो ने, टाइम नथी!" आबांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली. "शेठ, पहेलां अंदाज लखो." शेठ आधी भडकला, मग लिहिलं की मोठी आयसी, बोर्डावरची चिप, गेली असणार. निघाली काय, तर पंख्याची वायर उंदरानं कुरतडलेली. शेठ इतका खूश झाला की पुढं बोर्ड आणला की स्वतःच खुर्ची ओढून बसायचा, अंदाज लिहायचा आणि पैज हरल्यासारखा मांडीवर हात मारायचा. मी तिथं असताना त्याचा अंदाज एकदाही बरोबर आला नाही.

कौतुक मात्र आबांना जमायचं नाही. शाब्बास, छान, असलं काही नाही. कुणाचं काम खरोखर नीट झालं तर ते वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "माप बरोबर आहे." बस. बाकीच्या सगळ्यांना हे कधी ना कधी मिळालं. मला मिळत नव्हतं. कारण मला एक वाईट सवय होती. पुस्तकात पाच यायला हवेत आणि मीटरवर चार पूर्णांक आठ आले, तर मी वहीत पाच लिहायची. कॉलेजात सगळेच तसं लिहीत. प्रॅक्टिकलच्या वह्या तशाच तर भरतात. आबांनी दोन-तीनदा पकडलं. "तू मीटर वाचत नाहीस पोरी," ते म्हणाले, "तू मीटरची समजूत काढतेस." मी हसण्यावारी नेलं.

आता कानाचं सांगते.

पंचवीस वर्षांच्या शेडनं आबांचे कान खाल्ले होते. त्यांना आवाज यायचा पण शब्द फाटून यायचे. स, श, फ ही अक्षरं तर गळूनच जायची. फोनवर काही कळायचं नाही. सरकारी दवाखान्यातून कानात घालायचं यंत्र मिळालं होतं, ते खणात पडून. "हे लावलं की सगळी शेड परत कानात येते," म्हणायचे. हळूहळू उरलंसुरलंही जाणार, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. कधी, ते सांगितलं नव्हतं. आबांना ते चाललं नाही. जे जाणार आहे ते मोजता आलं पाहिजे.

म्हणून आम्ही जो मोठा प्रयोग केला तो हा: सूर काढणारं सर्किट. एक आठ पायांची आयसी, काही रेझिस्टन्स, कपॅसिटर, आणि मधोमध एक शेंगदाण्याएवढा दिवा. मला तो दिवा फार आवडायचा. तो उजेडासाठी नव्हताच. सुराचा जोर जास्त वाढू लागला की दिव्याची तार तापते, अडवते, आणि जोर खाली येतो. जोर बसू लागला की तार निवते आणि तो वर येतो. दिवा कधी पेटायचा नाही, नुसता कोमट राहायचा. आबा त्यावर बोटाचं पेर ठेवून म्हणायचे, "घरात असं एक माणूस लागतं." त्यांच्या घरात ते कुणीच नव्हतं.

त्या सर्किटला आम्ही बारा घरांचं एक फिरतं बटण जोडलं. पहिल्या घरात आवाज सगळ्यात मोठा, बाराव्या घरात सगळ्यात बारीक. प्रत्येक घर मोजून जुळवायला आम्हाला सात रविवार लागले. मग दार लावायचं, पंखा बंद करायचा, हेडफोन कानाला लावून भिंतीकडं तोंड करून बसायचं. मागं दुसऱ्यानं बटण एकेक घर पुढं न्यायचं आणि बसलेल्यानं ऐकू येतंय तोवर बोट वर धरायचं. मी अकराव्या घरापर्यंत ऐकायची. आबा पहिल्या वेळी सातव्यापर्यंत.

दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी आबांच्या कानाचं माप. बटण फिरवायचं काम माझं. आलेखाच्या कागदावर ठिपका पडायचा, रेघ पुढं सरकायची. सात, सहा, सहा, पाच. चौथ्या घरावर आबांनी लाल पेन्सिलीनं एक आडवी रेघ आखून ठेवली होती.

"ही कशाला?" मी विचारलं होतं.

बराच वेळ ते सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसत राहिले. मग सांगितलं. गावी त्यांची मोठी बहीण होती. तरुणपणीच नवरा गेला आणि माहेरी परतली; घर तिनंच राखलं. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, रविवारी स्थापना आणि सोमवारी सकाळी विसर्जन, आणि त्यांच्या भाऊबंदांत कानबाईची गाणी पहिल्यांदा उचलायची ती ह्या बहिणीनं. पंचक्रोशीत तसा आवाज नव्हता म्हणे. त्यांची आई वारली तेव्हा निरोप आला दुपारी. आबांच्या पुढं एका शेठचा बोर्ड उघडा पडलेला. संध्याकाळच्या गाडीनं जाऊ, तेवढ्यात हे संपवू, असं त्यांनी ठरवलं. बोर्ड संपला नाही, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पोचले तर आई जळून गेलेली. बहीण दारात उभी होती. म्हणाली, "आते कसाले उना रे भाऊ?" आता कशाला आलास.

आबा उंबऱ्यावरूनच फिरले. त्याला अकरा वर्षं झाली होती. बहिणीचा राग महिनाभरातच गेला, दर वर्षी श्रावणाआधी ती बोलवायची. आबांना फोन ऐकू येत नाही म्हणून फोन माझ्या मोबाइलवर यायचा. "त्याले सांग वं माय, औंदा तरी ये म्हना." मी ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यायची. आबा कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि जायचे नाहीत.

"का जात नाही?"

"धीर होत नाही. पण तिचं ते वाक्य माझ्या कानात शेवटचं आहे, पोरी. कान जायच्या आधी त्याच्यावर तिचं गाणं टाकायला पाहिजे." त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "चारच्या खाली गेलो की मग पुढं-मागं नाही. खोली बंद करायची आणि निघायचं. रेघेनं ठरवलेलं बरं."

मी म्हटलं, गाणं मोबाइलवर मागवा. ते म्हणाले, "मोबाइलवर ती मोबाइलसाठी गाईल."

त्या वर्षीचा जून. आठवडाभर आधी बहिणीचा फोन येऊन गेला होता. मला इच्छापोरच्या एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं; जुलैत ट्रायल, त्यांच्यासमोर बिघडलेला बोर्ड दुरुस्त करून दाखवायचा. मी रोज कामावरून सुटले की आबांकडं जायची. आबांच्या शिवाय माझं ते होणार नव्हतं, हे मला स्वच्छ माहीत होतं. आणि आबांनी सांगून ठेवलं होतं की एकदा गावी गेले तर परत येतील की नाही, भरवसा नाही.

आबांनी वहीत अंदाज लिहिला: तीन. पेन्सिल ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मी बटण फिरवलं. पहिलं घर, बोट वर. दुसरं, वर. तिसरं, वर, पण थरथरत. चौथ्या घराला बोट खाली आलं. मी परत फिरवलं, उलटं फिरवलं, थांबून फिरवलं. तीनच.

त्यांची पाठ माझ्याकडं होती. निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे ते खांदे आवळून बसले होते. मला त्यांची दया आली. हे खरं आहे, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझं ट्रायल होतं. मी मापाच्या रकान्यात पाच लिहिलं.

आबा वळले, पाच बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरंच केलं आपण. "बघ," ते म्हणाले, "मला वाटत होतं गेलं. ऐकायला कमी आल्यासारखं वाटत होतं. कान माझ्यापेक्षा शहाणा निघाला." स्वतःला कमी ऐकू येतंय हे त्या माणसाला आतून कळत होतं. पण त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, अंदाज आणि माप भांडले तर मापाचं ऐकायचं. ते स्वतःही त्याला जागले. तिसऱ्या रकान्यात, फरक का पडला, तिथं त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: भ्यालो होतो.

मग मला म्हणाले, "बहिणीला कळव. पुढच्या वर्षी नक्की."

मी कळवलं. बहीण फोनवर "बरं," एवढंच म्हणाली.

नोकरी मला लागली. सप्टेंबरचं माप मी टाळलं, नवी नोकरी आहे, रविवारीही बोलावतात, असं काहीतरी सांगून. दिवाळीनंतर मात्र गेले. आबा भिंतीकडं तोंड करून बसले. मी बटण पहिल्या घरात ठेवलं, सगळ्यात मोठा आवाज. बोट वर आलं नाही. मी वाट बघितली. भिंतीवरच्या कॅलेंडरातली देवी माझ्याकडं बघत होती.

"चालू केलंस ना गं?" आबांनी विचारलं.

मी हो म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आबांनी मशीनवर संशय घेतला. पाचवरून एकदम शून्य? पाच महिन्यांत? असं होत नसतं. कान असा जात नाही, कुठंतरी सर्किट चुकतंय. त्यांनी सगळं उलगडलं. बारा घरांचा एकेक रेझिस्टन्स परत मोजला. आयसी बदलली. तो शेंगदाण्याएवढा दिवा तीनदा बदलला. हेडफोन माझ्या कानाला लावून विचारायचे, "तुला येतंय? किती घरापर्यंत?" मला अकराव्यापर्यंत येत होतं. ते मान हलवायचे आणि परत कामाला लागायचे. सगळी मापं बरोबर येत होती आणि तरी हिशोब जुळत नव्हता, आणि असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. एक वाक्य बोलले असते तर त्यांचा तो छळ संपला असता. माझी जीभ रेटली नाही. मी त्यांना चहा करून द्यायची आणि स्क्रू धरून उभी राहायची.

शेवटी त्यांनी सर्किट झाकून ठेवलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: कळलं नाही. त्या वहीत हे एकाच ठिकाणी आहे.

पुढचा श्रावण आला. आबा ठार बहिरे. मी कागदावर बहिणीचा निरोप लिहून दिला, तेव्हा वाटलं नेहमीसारखा खिशात जाईल. त्यांनी तो टेबलावर सपाट करून ठेवला आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, म्हणाले, "जायचं. कान नाही तर डोळ्यानं बघू. तू चल."

आणि सोबत नेण्यासाठी त्यांनी टेबलावरचा सीआरओ बांधायला घेतला. भंगार बाजारातून आणलेला, हिरव्या स्क्रीनचा. विजेचा चढ-उतार रेघ होऊन दिसतो तो. दळणाच्या भरल्या डब्याएवढा जड. चादरीत गुंडाळून, माईक आणि वायरी पिशवीत घालून आम्ही तो उधन्याहून भुसावळच्या गाडीत चढवला आणि अमळनेरला उतरवला. गाडीत आबांनी वही काढून रकाने आखले. अंदाजाखाली लिहिलं: आवाज होता तसाच.

बहीण दारातच होती. सुकलेली, काठी टेकलेली. ह्या वेळी तिनं भावाचा हात धरला आणि उंबऱ्याच्या आत ओढला. आबांच्या तोंडाकडं बघत तिनं काहीतरी विचारलं, त्यांनी कानाकडं बोट करून हात हलवला. मग ती माझ्याकडं वळली. "कवय पासून?" कधीपासून. मी सीआरओवरची चादर सोडायला लागले.

सोमवारी सकाळी विसर्जनाआधी बायका ओट्यावर जमल्या. आबांनी घरातून वायर ओढली, सीआरओ चौरंगाशेजारी मांडला, बहिणीपुढं माईक ठेवला. "बहिरा व्हई गया तरी खोड नही गई," ती म्हणाली, बायका हसल्या. मग तिनं गाणं उचललं.

स्क्रीनवरची हिरवी रेघ उठली. आबा तिच्याकडं वाकले. त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि रेघ जिथं जाईल तिथं बोट नेऊ लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी बहिणीचं गाणं ऐकत होते. तो आवाज फाटलेला होता. वरच्या सुराला गेला की तुटायचा, मग खोकला, मग बाकीच्या बायका ते कडवं सावरून घ्यायच्या. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "दमा लागना वं माय. मांगला वरीसलोंग काय आवाज व्हता!"

मागच्या वर्षापर्यंत.

आबांनी वही माझ्यापुढं धरली, पेन्सिल दिली. "माप तू लिही. मला रेघ दिसते, पण कसा आहे ते कळत नाही. सांग, कसा आहे?"

गोड आहे म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं. मापाचं ऐकायचं हा नियम त्यांनी मोडला नसता.  मी लिहिलं: फाटला आहे. वर जाताना तुटतो. गेल्या श्रावणापर्यंत चांगला होता.

आबांनी वाचलं. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

फरक का पडला. मी लिहिलं: एक वर्ष उशीर झाला. जूनचं माप तीन होतं. मी पाच लिहिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पानं मागं उलटत गेले, दिवाळीचं 'कळलं नाही' ओलांडून, त्या जूनपर्यंत. पान माझ्यापुढं केलं आणि थांबले. पेन्सिलीला रबर नव्हतंच. मी पाचवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तीन लिहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि 'भ्यालो होतो' ह्या आपल्या शब्दांवर तशीच एक रेघ मारली.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पान बोटानं दाबून धरलं आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माप बरोबर आहे."

बायकांनी माना वळवल्या. बहिणीनं गाणं थांबवलं. "काय म्हनस वं तो?" तिनं मला विचारलं. 

आबांचं लक्ष पुन्हा स्क्रीनकडं गेलं. रेघ सपाट झाली होती.

"थांबली का ती?"

मी मान डोलावली.

"गाऊ दे म्हण तिला. मी बघतोय."